साडूचा माळ

कोल्हापूरला जाऊन आलो म्हटलं की लोक विचारतात, अंबाबाईचं दर्शन झालं का, रंकाळ्यावर गेलात का, तांबडा-पांढरा कुठं खाल्लात. दर्शन झालं, रंकाळाही झाला. पण मे महिन्यातल्या त्या पाच दिवसांतलं मला जे सांगायचंय ते शहराबाहेर, पंचगंगेपासून दोन-अडीच किलोमीटरवरच्या एका दगडाळ माळावर घडलं. तो माळ माझ्या साडूचा आहे. आधीच कबूल करतो, तिथं राहिलो तेवढे दिवस मी त्याच्यावर जळत होतो.

मी महाडचा. हायस्कूलात भूगोल शिकवतो, सव्वीस वर्षं झाली. बायको सुरेखा पाटणकडची. तिची धाकटी बहीण मंगल कोल्हापूरजवळच्या नदीकाठच्या एका गावात दिलेली. एक बहीण घाटाखाली, एक घाटावर. मंगलचे यजमान दिनकरराव म्हशी पाळतात. दहावीला दोनदा नापास झाले आणि मग शाळेचं नाव काढलं नाही. सासरी काही कार्य असलं की आम्ही दोघे साडू शेजारी बसायचो, पण सल्ला मला विचारला जायचा. मुलांनी कुठं प्रवेश घ्यावा, डॉक्टर कोणता गाठावा, सगळं मला. दिनकरराव पानात काय वाढलंय ते बघत गप्प जेवायचे. ही व्यवस्था मला फार आवडायची.

एकोणीस साली पंचगंगा त्यांच्या घरात शिरली. दोन वर्षांनी सावित्री आमच्या घरात शिरली. आम्ही नवरा-बायको शेजाऱ्यांच्या स्लॅबवर बसून आपल्या घराची कौलं तेवढी बघत होतो. पाणी उतरल्यावर चिखल काढला, भिंती रंगवल्या आणि त्याच घरात परत राहायला लागलो. दिनकररावांनी मात्र काय काय केलं ते मंगल फोनवर बहिणीला सांगायची. मी शेजारी पेपर वाचतोय असं दाखवून सगळं ऐकायचो. दर सुट्टीत ती बोलवायची आणि मी काही ना काही कारण काढायचो. यंदा सुरेखा म्हणाली, तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाते. मग निघालो.

माळावर

स्टँडवर दिनकरराव पिकअप घेऊन आले होते. मागं पेंडीची पोती, पुढं आम्ही तिघं. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांच्या भिंती मागं पडल्या, मग दोन्ही बाजूंनी ऊस लागला. एवढा हिरवा, एवढा उंच, की आमच्या भाताच्या खाचरांची मला कीव आली. मी तसं बोललो. दिनकरराव म्हणाले, ऑगस्टात या, ह्याच उसाचे नुसते शेंडे दिसतात.

गाडी उसातून बाहेर पडली आणि चढाला लागली. वर झाड असं फारसं नाही. खडक, मुरूम, आणि मध्ये लांबच लांब गोठा. त्याच्या पत्र्यांना वरून चुना मारलेला आणि चुन्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर, वर जाळी बांधलेली. बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. आत शिरलो तर एकदम थंड वाटलं. पंचवीस-तीस म्हशी रवंथ करत बसलेल्या. मी वर्गात मुलांना ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या छताचं चित्र फळ्यावर काढून दाखवतो. माझ्या स्वतःच्या घरावर चुन्याचा एक हातही कधी फिरलेला नाही.

हा गोठा एकट्या दिनकररावांचा नाही. सात घरांनी मिळून बांधलाय. पूर ओसरल्यावर त्यांनी थोरल्या भावाकडं, मारुतीरावांकडं वाटणी मागितली आणि वाटणीत हा माळ मागितला. नदीकाठची काळी कसदार जमीन स्वतःहून भावाला सोडली. गाव हसलं. मग त्यांनी घर वर आणलं, म्हशी वर आणल्या. पुढच्या वर्षी आणखी सहा घरं आपापली जनावरं घेऊन मागोमाग आली. ज्यांना घर हलवता येत नव्हतं त्यांच्यासाठी एक नियम ठरला. नदीच्या घाटाच्या अमुक पायरीला पाणी लागलं की खालच्या आळीतलं प्रत्येक जनावर चालायला लागायचं. वाट बघायची नाही, कुणाला विचारायचं नाही. एकवीसचा पूर आला तेव्हा या सात घरांची एकही म्हैस गेली नाही.

हे सगळं मला रशीदभाई सांगत होते. ते गावातले वेल्डर. त्यांचं दुकान पूर्वी नदीच्या अंगाला होतं, मशीन पुरात बुडालं. आता दुकान माळाच्या पायथ्याशी आहे आणि गोठ्याचा सगळा सांगाडा त्यांनीच उभा केलाय. मंगलनं आमची ओळख करून दिली तेव्हा ते हातातली पक्कड खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिले.

"म्हणजे हेच की ते महाडचे मास्तर?"

मी म्हटलं, कोणते?

"आवो, पुराच्या येळंला दिनकरनं तुमाला फोन केलता. पूर परत येणार का म्हणून. तुमी म्हणाला, येणार, आन लई वर्सं मध्ये जाणार न्हाईत. जे काय करायचं ते पुढच्या पावसाळ्याआधी करा. हे त्यानं गावात घराघरांत जाऊन सांगिटलं. मास्तर म्हणत्यात, मास्तर म्हणत्यात. आमी वैतागलो हुतो तुमच्या नावाला."

तो फोन मी विसरूनच गेलो होतो. मग हळूहळू आठवला. शाळेत मोकळा तास होता, मी चहा घेत होतो. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, पाऊस थोड्या दिवसांत आणि धो धो पडतो, नदीला तो मावत नाही, हे सगळं मी अर्धा तास समजावून सांगितलं होतं. बोलून झाल्यावर आपण छान बोललो असं वाटलं होतं. त्यानंतर दोन वर्षांनी माझं स्वतःचं घर बुडालं.

रशीदभाईंनी मोठ्या आदरानं माझा हात हातात घेतला. मी दुसरीकडं बघत राहिलो. माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर जळतो, पैशावर जळतो. मी माझ्याच शब्दांवर जळत होतो, कारण ते दुसऱ्याच्या कामी आले होते.

गंगावेशीत

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकरराव मला शहरात घेऊन गेले. कोल्हापुरात म्हैस गिऱ्हाइकापुढं उभी करून धार काढून देतात हे ऐकून होतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर ते पाहिलं. लोक ग्लास पुढं करतात, धार थेट ग्लासात पडते, फेस वर येतो आणि माणूस तिथंच उभ्यानं पितो. मी आयुष्यभर पिशवीतलं दूध तापवून प्यायलेला. तो कोमट, गोडसर ग्लास तोंडाला लावला आणि वाटलं, हेसुद्धा यांच्याकडंच असावं?

जाईल तिथं दिनकररावांना हाका. मिसळीच्या दुकानात मालकानं जागा करून दिली. शिवाजी पेठेतल्या एका तालमीसमोर गाडी थांबवून माणसं विचारत होती, यंदा काय म्हणतीय नदी? ते शांतपणे सांगत, अजून काय न्हाय, पण सामान वर ठेवा. ऐकणारे माना डोलवत. सव्वीस वर्षांत मी हजारभर मुलांना पाऊस शिकवला असेल. त्यातल्या एकानंही रस्त्यात थांबून मला असं विचारलेलं नाही.

घरी आल्यावर मंगलनं भाकरी, पिठलं आणि कांदा-लसणीच्या चटणीचं जेवण वाढलं. आमच्याकडं भात-आमटी आणि मासे. असल्या तिखटाची सवय नाही. माझ्या नाकातून-डोळ्यांतून पाणी आलं. मंगल म्हणाली, "दाजी, दूध घ्या." तिनं पेला पुढं ठेवला आणि मी तोही संपवला. सुरेखा आधीच जेवून उठली होती. बहिणीच्या घरात ती नुसती फिरत होती. वीजमीटर किती उंचावर लावलाय, धान्याच्या कणग्या कशावर ठेवल्यात, कागदपत्रांची पेटी कुठं आहे, सगळं बघत होती. तिनं एकदा जरी म्हटलं असतं, बघा, शिका काहीतरी, तर मला भांडता आलं असतं. ती काही म्हणालीच नाही.

शेततळ्यात

तिसऱ्या दिवशी मी दोष शोधायला लागलो. एवढं सगळं नीट असणं शक्यच नाही अशी माझी खात्री होती. गोठ्याचा उतार पाहिला, गटार पाहिलं. मग माझ्या ध्यानात आलं की माळावर पाणीच नाही. मला झालेला आनंद लपवत मी दिनकररावांना विचारलं, उन्हाळ्यात पाण्याचं काय करता?

ते म्हणाले, "त्येच तर अवघड हाय, मास्तर. बोअर चैतातच आटतंय." पावसाळ्यात नदी भरली की ते पाणी उपसून वर शेततळ्यात साठवतात, ते मेअखेर कसंबसं पुरतं. तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद दोनदा फाटला. गेल्या वर्षी उन्हाच्या लाटेत दूध निम्म्यावर आलं, दोन म्हशी गेल्या. पुरातनं वाचवल्या आन उन्हानं नेल्या, असं ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती आणि लपवाछपवीही नव्हती. मला हवा तो दोष त्यांनी स्वतःच माझ्या हातावर ठेवला आणि माझा आनंद तिथंच गेला.

तरी मी तळं बघायला एकटाच गेलो. काठावर वाकून पाणी किती उरलंय ते बघत होतो. चपलेचा पाय त्या कागदावर पडला आणि मी बसलो तो सरळ घसरत पाण्यात. पाणी कंबरेएवढंच, पण त्या गुळगुळीत कागदावर पाय ठरेना. जितका वर चढायला जावं तितका खाली. दोन-तीन प्रयत्नांनंतर मला खरोखर भीती वाटली. मी हाक मारली. आधी रशीदभाई आले, मग दिनकरराव धावत आले. त्यांनी काठावर बांधलेला गाठी मारलेला दोर माझ्याकडं टाकला आणि दोघांनी मला ओढून काढलं. चष्मा तळ्यातच राहिला. कुणी हसलं नाही. दिनकररावांनी फक्त एवढंच म्हटलं की कुंपण घालायचं राहिलंय, चूक त्यांची आहे. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी त्यांचाच शर्ट आणि त्यांचीच विजार घालून मी खाली गावात निघालो. फिरून येतो, असं सांगितलं होतं. खरं तर मी मारुतीरावांकडं चाललो होतो.

मारुतीरावांच्या कट्ट्यावर

दोघे भाऊ वाटणीपासून बोलत नाहीत हे मला मंगलकडून ठाऊक होतं. लाज वाटते लिहायला, पण दिनकररावांबद्दल कुणीतरी वाईट बोललेलं मला ऐकायचं होतं. सगळं गाव त्यांचे गोडवे गात होतं. उरला होता तो हा एकच माणूस.

मारुतीराव घरापुढच्या कट्ट्यावर बसले होते. घर नदीच्या अगदी अंगावर, मागं त्यांचा ऊस. भिंतीवर छातीच्या वर एक मातकट पट्टा, रंगाखालूनही दिसणारा. मी ओळख सांगितली. "या पावणं," म्हणून त्यांनी जागा केली, चहा मागवला. मी हळूच विषय काढला, वाटणीत तुमच्यावर अन्याय तर नाही ना झाला?

अन्याय कसला, ते म्हणाले, चांगली जमीन तर मलाच मिळाली. मग त्यांनी सुरुवात केली. दिनकर लहानपणापासून हेकट. बापाची जमीन सोडून खडकावर जाऊन बसला. आता पुढाऱ्यासारखा हिंडतो, बायाबापड्यांना भीती घालतो. मला प्रत्येक वाक्य गोड लागत होतं. मी मान हलवत होतो, मध्ये मध्ये खतपाणी घालत होतो. चहा संपला तरी उठावंसं वाटेना.

मग ते नदीकडं वळले. पुढचं बोलले तेव्हा आवाज खाली आला होता.

"एकईस सालच्या पुरात मी हलायचो न्हाय म्हटलं. पायरीला पाणी लागलं तसा त्यो आला सांगायला. मी दार लावून घेतलं. मग पाणी दारात आलं. छातीएवढ्या पाण्यातनं त्यो आन त्यो वेल्डर दोर घिऊन आलं. पयलं म्हशी सोडल्या, मग तुमच्या वैनीला काढलं, मग मला. एक शबुद बोलला न्हाय. आजतागायत बोलला न्हाय."

मी म्हटलं, मग तुम्ही का बोलत नाही त्यांच्याशी?

"त्यासाठनंच. त्यानं मला श्या दिल्या असत्या तर आमचं दुसऱ्या दिवशी मिटलं असतं." ते माझ्याकडं वळले आणि माझ्या अंगावरच्या शर्टाकडं बघून पहिल्यांदा हसले. "तुमालाबी काढलं म्हणं आज तळ्यातनं."

एवढ्या वेळात ते त्यांच्यापर्यंत पोचलंही होतं. आम्ही दोघे त्या कट्ट्यावर शेजारी शेजारी बसलो होतो, आणि आमच्यात फरक काढायचा म्हटला तर एवढाच की त्यांना मी सव्वीस वर्षं शिकवतो तो भूगोल माहीत नव्हता. त्यांना निदान सबब होती.

वळीव

चौथ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं. वळीव एकदा कोसळून जातो, एवढंच मला ठाऊक होतं. हा थांबेना. दीड-दोन तास, आमच्या जुलैसारखा. पत्र्यावर पाचट असूनही शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी उठून सुरेखाला शोधायला गेलो, कारण पाऊस असा लागला की तिचं काय होतं ते मला माहीत आहे. महाडच्या घरी ती खिडकीशी उभी राहते. दर थोड्या वेळानं मोरीपर्यंत जाऊन येते, पाणी उलटं येत नाही ना बघायला. पिशवीत कपडे, औषधं, कागदं भरून ती दारामागं टांगून ठेवते. मी तिला समजावतो की एवढ्या पावसानं नदी इतकी चढत नसते. इतकी वर्षं समजावतोय.

ती मधल्या खोलीत चटईवर झोपलेली होती. उशी नाही, हात डोक्याखाली, तोंड किंचित उघडं. बाहेर एवढा कल्लोळ आणि ती गाढ झोपलेली. मंगल दारात बसून शेंगा निवडत होती. तिनं मला खुणेनं सांगितलं, उठवू नका.

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. पूर येऊन गेल्यापासून पावसात झोपलेली सुरेखा मी पाहिली नव्हती. हे लक्षातसुद्धा आलं नव्हतं माझ्या. दिनकररावांनी आपल्या बायकोला हे दिलं होतं, आणि चार दिवसांसाठी माझ्या बायकोलाही. गोठा, दूध, गावातला मान, यांच्यावर जळत होतो ते सगळं त्या दुपारी फिकं पडलं. ही एक गोष्ट मात्र आतवर लागली, कारण ती मी द्यायला हवी होती.

पाऊस थांबल्यावर दिनकरराव चिखल तुडवत तळ्याकडून आले. बरंच पाणी जमलंय म्हणाले. मी त्यांना बाजूला घेतलं.

"दिनकरराव, मला तुमचा हेवा वाटतो," मी म्हणालो. "पाच-सहा वर्षं वाटतोय. म्हणून येत नव्हतो."

ते पाय धुत होते. तांब्या खाली ठेवला.

"मलाबी तुमचा वाटायचा की. लगीन झाल्यापास्नं. सासऱ्याच्या घरात समदी तुमाला इचारायची. म्हणून तर त्या दिशी तुमालाच फोन केला. म्हटलं, एवढा शाणा माणूस हाय, त्यो सांगंल ते एकदा करून तरी बघू." तांब्या परत उचलत ते म्हणाले, "मास्तर, एक इचारू? तुमाला समदं ठावं हुतं. मग तुमी का न्हाय हललासा?"

मी सांगायला लागलो. घर स्वतः बांधलेलं आहे. शाळा जवळ आहे. महाडात वर सरकावं तर डोंगर, तिथं दरडींची भीती. नदीकाठी पूर, डोंगराखाली दरड, माणसानं जावं कुठं? यातलं काहीही खोटं नव्हतं. दिनकररावांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, न दरडीची न पुराची, अशी एकबी गल्ली न्हाय का तुमच्या गावात? मी भूगोलाचा मास्तर, आणि मला उत्तर माहीत नव्हतं. मी कधी बघितलंच नव्हतं.

परत आल्यावर

अशा गल्ल्या निघाल्या. फार नाहीत, पण निघाल्या. आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नकाशा घेऊन चालत हिंडलो. नदीची जुनी पातळी, डोंगराचा उतार, पाण्याच्या वाटा बघितल्या, जुन्या रहिवाशांना विचारलं. डोंगरापासून लांब आणि नदीपासून उंच अशा एका आळीत दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या भाड्यानं मिळाल्या. आमच्या घरापेक्षा लहान आहेत. हेवा गेला म्हणावं तर तेही खरं नाही. मंगलचा फोन आला की अजूनही माझे कान टवकारतात.

जूनच्या पहिल्या दिवसांत सामान हलवत होतो. आमच्या शेजारचे पेंडसे वकील, ज्यांच्या स्लॅबवर आम्ही पुरात बसून होतो, ते फाटकाशी येऊन उभे राहिले. एकवीस साली त्यांचाही तळमजला गेला होता. टेम्पोत कपाट चढत होतं ते ते बघत होते. कपाट, मग फ्रिज, मग पुस्तकांची खोकी.

"घाई केलीत मास्तर," ते म्हणाले. "दुसरा मजला म्हणजे जिने आले. या वयात गुडघे राहणार आहेत का?"

एरवी मी त्यांना उत्तर दिलं असतं. बाष्पापासून सुरुवात केली असती. पण त्यांच्या नजरेत काय होतं ते मी चांगलं ओळखत होतो. ते बघत माझ्याकडं नव्हते, टेम्पोकडं बघत होते.

"जिन्यांचा त्रास आहे खरा," मी म्हणालो. "तिथंच आमच्या खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. मालकानं चावी माझ्याकडंच ठेवलीय. चढा गाडीत, दाखवतो."

ते चप्पल घालायला म्हणून आत गेले. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. मी त्याला म्हटलं, थांब जरा, ते येतायत.